मेअखेरीस आईवडिलांसह सोग्नेफ्योर्ड : काय गाळायचं, कुठे राहायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. पुण्याहून मेच्या शेवटच्या आठवड्यात पाच जण नॉर्वेला येताय : तुम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आसपासचे आईबाबा. हाताशी आठ रात्री आहेत. एका एजंटाने बर्गेन, ट्रोलटुंगा, फ्लोम, गाइरांगर, ओलेसुन्ड असा कार्यक्रम आखून दिलाय. तुम्ही विचारताय की फ्लोमला एक रात्र पुरेल का, गाडी घ्यावी की रेल्वे आणि बोटीवर भागेल, आणि यात थोडं चालणं आणि "नुसते फोटो नव्हे, खरा इतिहास" कसा बसवायचा.

मी पश्चिम नॉर्वेत राहते. सोग्न भागातल्या खेड्यांतून छोटे गट फिरवणं हा माझा व्यवसाय आहे आणि त्यांत मराठी कुटुंबंही बरीच असतात. त्या अनुभवावरून सांगते : तुमची अडचण फ्लोमच्या रात्रींची नाही. आठ रात्रींत किती वेळा बॅगा भरायच्या आणि किती तास गाडीत काढायचे, तिथे खरी अडचण आहे. एजंटाच्या आराखड्यात पाच मुक्काम आहेत. ट्रोलटुंगा या उंच कड्याची वाट, कुठून सुरू करता त्यावर, जाऊन-येऊन वीस ते सत्तावीस किलोमीटर पडते आणि मेमध्ये वर अजून बर्फ असतो. त्या दिवसांत तिथे गाइडशिवाय जाऊ नये. म्हणजे तो अख्खा दिवस आईबाबा खोलीत बसणार, आणि तो बारा वर्षांच्या मुलीचाही दिवस नाही. फ्लोम ते गाइरांगर नकाशावर जवळ दिसतं, पण मधली फेरीबोट, घाट आणि बोगदे धरले तर पाच-सहा तास सहज जातात. ते पाच तास गाडीत आणि पोचल्यावर पुन्हा एका फ्योर्डात, म्हणजे कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यात, बोटीची तशीच चक्कर. गाइरांगर सुंदर आहे, यात शंका नाही. पण ते यावेळी सोडा. ट्रोलटुंगा आणि ओलेसुन्डही सोडा.

माझा सल्ला एकाच फ्योर्डाचा आहे : सोग्नेफ्योर्ड, आणि त्याचाही आतला भाग.

त्याचं कारण जमिनीच्या घडणीत आहे. सोग्नेफ्योर्ड समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त आत शिरलेला आहे आणि सर्वांत खोल जागी १,३०० मीटरच्या आसपास खोल आहे. हिमयुगांत हिमनद्यांनी जुनी नदीखोरी खरवडत नेली. समुद्राजवळ बर्फ पसरून पातळ झाला, तिथे खरवड कमी पडली, म्हणून फ्योर्डाच्या तोंडाशी तळ बराच वर आहे आणि आत मात्र प्रचंड खोली आहे. बाजूचे कडे हजार मीटर आणि त्याहून उंच. अशा मुलखात सपाट जमीन दोनच ठिकाणी मिळते. एक म्हणजे नदी फ्योर्डाला मिळते तिथला गाळ, आणि दुसरी म्हणजे कड्याच्या मध्यावर राहून गेलेले टप्पे. माणसांनी घरं बांधली ती याच जागांवर. एका गावातून दुसऱ्या गावाला जमिनीवरून जायची सोय नव्हती, बोट हाच रस्ता होता. फ्यॅरलांड गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता १९८६ मध्ये मिळाला, उंद्रेडालला १९८८ मध्ये. म्हणजे तुमच्या-माझ्या हयातीत. त्यामुळे इथला इतिहास पाण्यावरून किंवा पायी फिरतानाच उलगडतो. गाडीने भराभर अंतर कापणाऱ्याच्या वाट्याला बोगद्याच्या भिंती फार येतात.

आतलाच भाग का, याचं दुसरं कारण पाऊस. अरबी समुद्राकडून येणारे ढग महाबळेश्वरी रिकामे होतात आणि वाईत उतरेपर्यंत उघडीप असते, तसंच इथेही आहे. बर्गेनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. फ्योर्डाच्या आतल्या टोकाला, लॅरडालच्या खोऱ्यात, तो पाचशेच्या आसपास येतो. तिथल्या शेतकऱ्यांना शतकानुशतकं लाकडी पन्हळींमधून डोंगरातलं पाणी शेतात आणावं लागलं, आजही बटाट्याच्या वावरात फवारे फिरताना दिसतील. आठ दिवसांच्या सहलीत याचा अर्थ सरळ आहे : बर्गेनला पाऊस लागला म्हणून सहल फसली असं समजू नका, तीन तास आत जा.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत.

पहिली, महिना. आपल्याकडच्या शाळेच्या सुट्टीमुळे मराठी कुटुंबं मेमध्येच येतात आणि त्यांना फोटो दाखवलेले असतात ऑगस्टचे. मेअखेरीस धबधबे वर्षातले सर्वांत भरलेले असतात, खाली फळझाडांना मोहोर असतो किंवा नुकताच संपलेला असतो, दिवस रात्री साडेदहा-अकरापर्यंत चालतो. पण हजार मीटरच्या वर हिवाळा असतो. आउरलांड्सडालची प्रसिद्ध पायवाट, ओस्टरबो ते व्हास्बिग्दी, साधारण वीस किलोमीटरची, जून संपता संपता किंवा जुलैत चालण्याजोगी होते. मेमध्ये तिथे हिमाचे ढिगारे आणि फुगलेले ओढे असतात, जाऊ नका. म्हणून तुमच्या चालण्याच्या वाटा सगळ्या खालच्या असतील. मध्यरात्रीचा सूर्य इथे कधीच दिसत नाही, त्यासाठी उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे जावं लागतं. उत्तर ध्रुवीय प्रकाशासाठी रात्र काळी लागते, ती मेमध्ये नसते. एजंटाने यातलं काही कबूल केलं असेल तर त्याला पुन्हा विचारा. दिवाळीची सुट्टी हा पर्याय कुणी सुचवला तर नको म्हणा, ऑक्टोबरअखेर बरीच खेडेगावची ठिकाणं बंद झालेली असतात.

दुसरी, आईबाबांचे गुडघे. "चालतात" म्हणजे नक्की किती, चढ चढतात का, आणि उतरताना दुखतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या अनुभवात आपल्या ज्येष्ठांना चढापेक्षा ओला उतार त्रास देतो. घडीच्या काठ्या दोघांसाठी आणा.

तिसरी, गाडी कोण चालवणार. पाच माणसं, पाच बॅगा आणि ज्येष्ठ सोबत असताना मी गाडीच्या बाजूने आहे, कारण आतल्या खेड्यांत बस दिवसातून मोजक्याच असतात आणि रविवारी त्याहून कमी. पण तुमच्यापैकी एकानेही आधी उजव्या बाजूने गाडी चालवली नसेल तर पहिल्याच दिवशी अरुंद घाटात शिरणं योग्य नाही. तसं असेल तर बर्गेनहून रेल्वेने म्युरडाल आणि तिथून फ्लोमच्या गाडीने खाली उतरा, पुढे बोट आणि बस धरा, परतीला फ्लोमहून बर्गेनला जाणारी जलद बोट घ्या. ती साडेपाच तासांच्या आसपास घेते आणि अख्खा फ्योर्ड लांबीभर दाखवते. त्या मार्गात लुस्टरचा, म्हणजे फ्योर्डाच्या सर्वांत आतल्या शाखेचा भाग मात्र सोडावा लागेल, आणि मला तो सोडवत नाही. गाडी घेतलीत तर ऑटोमॅटिक मागा, आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवा, दिवसाही दिवे चालू ठेवा. गावाबाहेर सहसा ताशी ऐंशी आणि गावात पन्नास ही मर्यादा असते. दंड जबर आहेत. दारूची मर्यादा जवळजवळ शून्यच धरा.

हे सगळं धरून रात्रींची विभागणी अशी करते : बर्गेन एक, आउरलांड तीन, लुस्टराफ्योर्डाच्या काठी तीन, परत बर्गेन एक. म्हणजे खेड्यांतले मुक्काम दोनच. आता प्रत्येकाबद्दल.

आउरलांडला राहा म्हणते, फ्लोमला नाही. दोन्हींमध्ये गाडीने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे. फ्लोमच्या धक्क्याला मोठी क्रूझ जहाजं लागतात आणि ज्या दिवशी लागतात त्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी चार तिथे पाय ठेवायला जागा नसते. जहाजं कोणत्या दिवशी येणार याचं वेळापत्रक आधीच प्रसिद्ध होतं. ते बघा आणि फ्लोमची रेल्वे जहाज नसलेल्या दिवशी किंवा सकाळच्या पहिल्या गाडीने करा. वीस किलोमीटरचा हा मार्ग समुद्रपातळीपासून ८६६ मीटरवरच्या म्युरडालला चढतो. त्यात वीस बोगदे आहेत आणि त्यांतले बहुतेक हातांनी खोदलेले. काम १९२० च्या दशकात सुरू झालं, पहिल्या गाड्या धावल्या १९४० मध्ये. खाली फ्योर्ड आणि वर १९०९ पासून चालू असलेली बर्गेन-ऑस्लो रेल्वे यांना जोडण्यासाठी हा मार्ग होता, पर्यटन नंतर आलं. मधल्या क्योसफोसेन धबधब्याजवळ गाडी थांबते आणि मेअखेरीस तिथे फलाटावर उभं राहिलात तर तुषारांनी भिजाल. आईबाबांना रेनकोट घालूनच उतरवा.

आउरलांडहून दुसरा दिवस नॅरॉयफ्योर्डाचा. सोग्नेफ्योर्डाची ही शाखा २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, गाइरांगरसोबत एकाच नोंदीत. सर्वांत अरुंद जागी ती अडीचशे मीटर रुंद आहे. फ्लोम ते गुडव्हांगेन हा बोटप्रवास दोन तासांचा आहे. या मार्गावर २०१८ पासून पूर्ण विजेवर चालणारी बोट आहे, तीच निवडा. इंजिनाची घरघर नसल्याने धबधब्यांचा आणि काठावरच्या शेळ्यांच्या घंटांचा आवाज ऐकू येतो, आणि आईबाबांना डिझेलच्या वासाने मळमळत नाही. वर बघताना हिरव्या टप्प्यांवर एकटी घरं दिसतील. तिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेती करत होती. त्यांपैकी स्टिगेन या शेतघराबद्दल इथे सांगतात की करवसुली करणारा येताना दिसला की घरचे लोक शिडी वर ओढून घेत. बोटीतच मुलीला ते घर शोधायला सांगा. गुडव्हांगेनला उतरल्यावर व्हायकिंग काळासारखं उभारलेलं गाव आहे. ते अवशेष नाहीत, नवं बांधकाम आहे, पण तिथे धनुष्यबाण आणि कुऱ्हाडफेक करायला मिळते, बारा वर्षांच्या मुलांना ते आवडतं. परत फ्लोमला शटल बस वीस मिनिटांत आणते.

त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उंद्रेडाल करा. तिथलं लाकडी चर्च इतकं लहान आहे की चाळीसेक माणसांत भरतं, आणि गावात माणसांपेक्षा शेळ्या कितीतरी जास्त. शेळीच्या दुधाचं चीज हीच गावाची ओळख. तपकिरी चीज करताना चीज काढल्यावर उरलेलं पाणी तासन्‌तास आटवतात, त्यातली साखर करपट गोड होते, त्यात दूध किंवा साय घालतात. चव घ्याच. कडक शाकाहारी असाल तर पांढऱ्या चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेलं रेनेट (दूध गोठवायचं द्रव्य) आहे का ते विचारा, लोक नीट उत्तर देतात.

चालायचं म्हटलं तर फ्लोमचा ब्रेक्केफोसेन धबधबा. चढ खडा आहे पण छोटा, आणि पायऱ्या दगडी आहेत. त्या नेपाळमधल्या शेर्पा कारागिरांनी रचल्या आहेत. नॉर्वेच्या अनेक डोंगरवाटांवर त्यांचं काम आहे आणि मला त्या पायऱ्यांवरून जाताना त्यांच्या हातांचं फार कौतुक वाटतं. तुमच्यापैकी एक जण आणि मुलगी जा. दुसऱ्याला तोवर आईबाबांना आउरलांडच्या वर स्टेगास्टाइनला नेता येईल : ६५० मीटरवर, कड्याबाहेर तीस मीटर झेपावलेला लाकडी सज्जा, गाडीतून उतरून पाच पावलं. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. धीर होत नसेल तर तिथे जाणारी बस घ्या. पुढे आउरलांड-लॅरडाल हा जुना डोंगरी रस्ता आहे, त्याला हिमरस्ता म्हणतात, तो मेअखेरीस किंवा जूनमध्ये उघडतो. उघडा असेल तर तोच घ्या, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात. बंद असेल तर खालून २४.५ किलोमीटरचा बोगदा आहे, २००० साली खुला झालेला, रस्त्याच्या बोगद्यांत जगातला सर्वांत लांब. कंटाळून चालकाला डुलकी लागू नये म्हणून आत तीन ठिकाणी मोठी दालनं खोदून निळा प्रकाश सोडलाय.

लॅरडाल हे मुक्काम बदलायच्या दिवशी वाटेत लागतं आणि तिथे तुम्ही अर्धा दिवस ठेवावा असा माझा आग्रह आहे. इतिहास म्हटला की लोक फक्त व्हायकिंग शोधतात. लॅरडाल्सॉयरी हे बाजाराचं गाव होतं : पूर्वेकडचे डोंगरी शेतकरी घोड्यांवर माल लादून खाली यायचे, किनाऱ्याकडचे लोक बोटी भरून वर यायचे, आणि अदलाबदल इथे व्हायची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली दीडशेच्या आसपास लाकडी घरं अजून उभी आहेत आणि त्यांत माणसं राहतात. खिडक्यांतून आत डोकावू नका. जानेवारी २०१४ मध्ये कोरड्या वाऱ्यात इथे मोठी आग लागली, चाळीसेक इमारती गेल्या, जुनी पेठ मात्र बरीचशी वाचली. सगळं गाव लाकडाचं असतं तेव्हा आगीची भीती काय असते, ते या गल्ल्यांत फिरताना कळतं.

इथून पूर्वेला अर्ध्या तासावर बोर्गुंडचं स्टेव्ह चर्च आहे, ११८० च्या सुमाराचं. स्टेव्ह म्हणजे उभे खांब. आधीच्या चर्चांचे खांब जमिनीत पुरलेले असत आणि ते कुजत. पुढच्या कारागिरांनी दगडी पायावर आडव्या तुळया टाकल्या आणि त्यावर खांब उभे केले, म्हणून ही इमारत आठशे वर्षं टिकली. दर काही वर्षांनी बाहेरून पाइनचं डांबर लावतात. ऊन असेल तर जवळ गेल्यावर त्याचा वास येतो. अशी चर्चं एकेकाळी नॉर्वेत हजारावर असावीत, आज अठ्ठावीस उरली आहेत. बोर्गुंड वाचलं कारण जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने १८७७ मध्ये ते विकत घेतलं. चर्चच्या मागून विंधेल्ला ही जुनी राजवाट जाते. ऑस्लो आणि बर्गेन यांच्यातल्या पहिल्या गाडीरस्त्याचा हा तुकडा १७९० च्या दशकातला आहे आणि त्याच्या दगडी बांधलेल्या वळणांवर घोडे किती दमत असतील ते चालताना जाणवतं. वाट रुंद, चढ सावकाश. बाबांचे गुडघे बरे असतील तर थोडं वर जाऊन परत यावं, सगळी करायची गरज नाही.

लॅरडालहून पुढे फोडनेस-मानहेल्लर ही फेरी पंधरा मिनिटांत फ्योर्डापलीकडे सोडते. बुकिंग लागत नाही, रांगेत गाडी लावायची. इथून सोग्नडाल आणि मग लुस्टराफ्योर्ड, सोग्नेफ्योर्डाची सर्वांत आतली शाखा. सोग्नडालला येताना उजव्या-डाव्या बाजूला शांत पाणी दिसेल. याच परिसरात फिमराइते इथे १५ जून ११८४ रोजी राजा स्वेर्रे आणि राजा माग्नुस यांच्या जहाजांची लढाई झाली. माग्नुस मारला गेला आणि नॉर्वेचं राज्य स्वेर्रेकडे गेलं. फिमराइतेला फार काही "बघायला" नाही. पण फ्योर्ड हा हमरस्ता होता, म्हणजे लढाईही त्याच्यावरच होणार, एवढं मुलीला नक्की सांगा.

तीन रात्री सोल्व्होर्न किंवा त्याच्या जवळपास काढा. सोल्व्होर्नहून छोटी बोट वीस मिनिटांत पलीकडे ओर्नेसला जाते आणि तिथून किलोमीटरभर चढून उर्नेसचं स्टेव्ह चर्च येतं. तुमच्या अख्ख्या सहलीतली एकच गोष्ट ठेवा म्हणालात तर मी हीच ठेवीन. ११३० च्या सुमाराचं हे चर्च १९७९ पासून जागतिक वारशात आहे. त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीत त्याहूनही जुन्या चर्चच्या दाराचं कोरीवकाम बसवलेलं आहे, अकराव्या शतकातलं : एकमेकांत गुंतलेले सडपातळ प्राणी आणि वेलींसारख्या वळलेल्या रेषा. व्हायकिंग काळाच्या शेवटच्या कलाशैलीला या गावाचंच नाव दिलेलं आहे. एका धर्मातून दुसऱ्यात जाणाऱ्या माणसांनी जुना हात तसाच ठेवला आणि तो नव्या देवळाच्या भिंतीला लावला. हे सांगून मग दाराजवळ दहा मिनिटं शांत उभं राहू द्या, घाई करू नका. आत मार्गदर्शकासोबत जावं लागतं, ठरावीक वेळा असतात, मे ते सप्टेंबर. चढ नको असेल तर गाडी बोटीत चढवता येते, पण बोट लहान आहे, लवकर पोचा. उर्नेसवरून त्याच काठाने गाडीने पुढे गेलात तर फाइगुमफोसेन लागतो, दोनशे मीटरहून उंच धबधबा. गाडीतळापासून पायवाट आहे, ओली आणि मुळांनी भरलेली. मेअखेरीस त्याचा आवाज अलीकडूनच ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी योस्टेडाल खोऱ्यात निगार्ड्सब्रेन. ही योस्टेडाल्सब्रेनची एक जीभ. युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी हिमनदी तीच. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात थंडी वाढली तशी ही जीभ खोऱ्यात जवळपास तीन किलोमीटर पुढे सरकली, कुरणं गेली, निगार्ड नावाचं शेतघर चिरडलं गेलं. १७४८ मध्ये ती थांबली आणि तिने पुढे लोटलेला दगडमातीचा बांध आजही खोऱ्यात आडवा पडलेला दिसतो. त्यानंतर ती चार किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. जुन्या फोटोंतलं दृश्य मिळणार नाही, बर्फ आता तळ्यापासून बराच दूर आणि वर आहे. गाइडसह हिमनदीवर चालण्याचा हंगाम मेअखेरीस किंवा जूनमध्ये सुरू होतो, मुलांसाठी वयाची अट असते, तारखा पाहूनच ठरवा. एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून नाही : दोरीने अडवलेल्या रेषेपलीकडे कुणीही, एका फोटोसाठीही, जायचं नाही. २०१४ मध्ये इथेच बर्फाचा कडा कोसळून एक जोडपं मुलांदेखत गेलं. बर्फ कधी तुटेल हे आम्ही गाइडही बघून सांगू शकत नाही.

तिसरा दिवस मोकळा ठेवा. हवा स्वच्छ असेल तर लोमकडे जाणारा सोग्नेफ्येल रस्ता चढून बर्फाच्या भिंती बघा, तो १,४३४ मीटरपर्यंत जातो आणि साधारण मेच्या सुरुवातीला खुला होतो. पाऊस असेल तर फ्यॅरलांड : तिथे हिमनदीचं संग्रहालय आहे आणि जुन्या गोठ्यांत-दुकानांत जुनी पुस्तकं मांडलेलं पुस्तकांचं गाव. त्या गावचा रस्ता १९८६ मध्ये खुला केला तो अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर माँडेल यांनी, कारण त्यांचे पूर्वज तिथल्याच मुंदाल वाडीतून गेलेले. एकोणिसाव्या शतकात सोग्नमधून फार मोठ्या संख्येने लोक अमेरिकेला गेले. कड्यावरच्या त्या टप्प्यांवर किती तोंडं पोसली जाणार होती, हे नॅरॉयफ्योर्डात पाहिलेलं असेल तर त्यामागचं कारण सांगावं लागत नाही.

परतीला आलेल्या वाटेने जाऊ नका. हेल्ला-वांग्स्नेस फेरीने व्हिकला उतरा, हॉपरस्टाडचं स्टेव्ह चर्च पाहा आणि डोंगर ओलांडून व्होसमार्गे बर्गेन गाठा. अख्खा दिवस धरा.

राहणं आणि खाणं. हॉटेलपेक्षा "हित्ते", म्हणजे स्वयंपाकघर असलेलं लाकडी घर घ्या. पाच जणांना ते स्वस्त पडतं, आणि आईबाबांना रात्री वरण-भात मिळतो. बाहेर एका माणसाचं जेवण दोनशे-तीनशे क्रोनरला सहज जातं. चादरी आणि शेवटची साफसफाई भाड्यात आहे का ते आधी विचारा, बहुतेकदा वेगळी असते. घरून डाळ, पोहे, मसाले, चहा आणा. तूप, पेढे, पनीर, श्रीखंड आणू नका : युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. दूध, दही, भाजी खेड्यातल्या दुकानात मिळते, नळाचं पाणी सरळ प्या. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात आणि मेमध्ये धार्मिक सुट्ट्याही येतात, म्हणून शनिवारी सामान भरून ठेवा.

मोकळ्या डोंगरात कुणाच्याही मालकीच्या जमिनीवरून चालायचा हक्क इथे १९५७ च्या कायद्याने सगळ्यांना आहे, परदेशी पाहुण्यांनाही. पण तो पेरलेल्या शेतातून, फळबागेतून किंवा घराच्या अंगणातून जाण्याचा नाही. गोठ्याचं फाटक जसं होतं तसं मागे लावा. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलाजवळ आग पेटवायला मनाई आहे. कयाक करायची असेल तर गाइडसोबतच. मेमध्ये फ्योर्डाचं पाणी इतकं गार असतं की पडलेला माणूस काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही, पोहता येतं की नाही याला तिथे फारसा अर्थ नसतो. कपड्यांत लोकर, वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. छत्री घरी ठेवा.

बुकिंग या क्रमाने करा : आधी लुस्टरकाठचं घर, कारण तिथे पर्याय कमी, मग ऑटोमॅटिक मोठी गाडी, मग आउरलांड, मग नॅरॉयफ्योर्डाची बोट आणि फ्लोमची रेल्वे. बर्गेनची हॉटेलं शेवटी घेतली तरी चालतं. शेंगेन व्हिसाची भेटीची वेळ मात्र या सगळ्याआधी घ्या, उन्हाळ्यापूर्वी ती मिळणं अवघड होतं, आणि घरं रद्द करता येतील अशीच धरा. आईबाबा सलग किती चढतात आणि तुमच्यापैकी गाडी कोण चालवणार एवढं कळवलंत तर उर्नेसच्या दिवशी गाडी बोटीत घ्यायची की नाही आणि स्टेगास्टाइनला बस बरी की गाडी, हे नेमकं सांगते.